एका लेखकाच्या तीन गाड्या

मागच्या महिन्यात कॅलिफोर्नियातल्या भाच्याचा फोन आला. त्यानं जुना पिकअप ट्रक घेतलाय आणि मागच्या हौद्यात प्लायवूडचा माचा ठोकतोय. खाली सामानाचे खण, वर गादी, त्यावर फायबरचं टोपण. तंबू का नको, असं विचारलं तर म्हणाला, "मामा, जमिनीवर झोपून पाठ गेली. ओल येते, मुंग्या येतात, सकाळी दगड टोचलेले कळतात." मला एकदम आजोळची बाज आठवली. आमची आजी पावसाळ्यात कुणाला जमिनीवर झोपूच द्यायची नाही, विंचवाच्या भीतीनं. जमिनीपासून हातभर वर गेलं की माणूस निर्धास्त झोपतो, हे काही अमेरिकेचं संशोधन नव्हे.

पण फोन ठेवल्यावर डोक्यात स्टाइनबेक घोळत राहिला. जॉन स्टाइनबेक, 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'वाला. या माणसाच्या आयुष्यात झोपायच्या गाड्या तीन आल्या. एकीवर त्यानं पुस्तक लिहिलं, एक पुस्तकातच होती, आणि तिसरीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला ती तिसरीच जास्त आवडते, पण ती नंतर.

सगळ्यात प्रसिद्ध गाडी १९६० सालची. स्टाइनबेक तेव्हा ५८ वर्षांचा. आदल्या वर्षाच्या अखेरीस तब्येतीनं चांगलाच झटका दिलेला, आणि आता सगळे त्याला जपायला लागलेले. जिना चढू नका, दगदग करू नका वगैरे. आपल्याकडेही साठीला टेकलेल्या माणसाचं असंच होतं, घरचे प्रेमानंच त्याला म्हातारा करून टाकतात. त्याला ते सोसेना. शिवाय आणखी एक बोच होती. आपण अमेरिकेबद्दल लिहितो, पण तो देश पाहून कित्येक वर्षं झाली, असं त्याला वाटत होतं. मग त्यानं थेट ट्रक बनवणाऱ्या कंपनीलाच आपल्या गरजा कळवल्या.

आला तो जीएमसीचा पाऊण टनी पिकअप, व्ही-सिक्स इंजिनाचा. हौद्यावर बसवलेली छोटी खोली मिशिगन राज्यातल्या वुल्व्हरीन कंपनीची. होडीच्या केबिनसारखी तिची रचना. दोघांना पुरेल असा पलंग, चार बर्नरची शेगडी, हीटर, ब्यूटेन गॅसवर चालणारा फ्रीज, रासायनिक संडास, कपाटं, खिडक्यांना जाळ्या. मागे ओढायचा ट्रेलर त्याला नको होता. घाटात वळवायला जड, उभा करायला जागा मिळत नाही, आणि कायद्याचे नियमही फार. घर पाठीवरच असलं तर कासवाला कोण अडवणार? गाडीचं नाव ठेवलं रोसिनान्ते, डॉन किहोतेच्या घोड्याचं. नाव ठेवतानाच आपल्या मोहिमेवर हसून घेतलं म्हणायचं.

निघण्याआधीच विघ्न आलं. सप्टेंबरात डोना नावाचं चक्रीवादळ लाँग आयलंडवर आदळलं. आपली बोट वाचवायला या आजारी माणसानं पाण्यात उडी घेतली! बायकोची काय अवस्था झाली असेल ते आपण समजू शकतो. २३ सप्टेंबरला तो चार्ली नावाच्या पूडल कुत्र्याला घेऊन सॅग हार्बरहून निघाला. सामान गरजेच्या कितीतरी पट. पुस्तकं, हत्यारं, कागद. बंदूक आणि गळसुद्धा, कारण शिकारीला निघालेल्या माणसाला कुठे चाललात आणि कशाला हे कुणी विचारत नाही.

त्यातली एक युक्ती भाच्याला मुद्दाम सांगितली. झाकणाची प्लास्टिकची बादली घ्यायची, त्यात गरम पाणी, साबणाची पूड आणि मळके कपडे टाकायचे, आणि ती रबरी दोरीनं कपाटात टांगायची. दिवसभर गाडी हिंदकळते तसे कपडे धुऊन निघतात. दुसऱ्या दिवशी खळबळून वाळत घालायचे. आपल्या रस्त्यांवर तर तासाभरात काम होईल.

आणि एक गोष्ट भाच्यानं मनावर घ्यावी अशी. ऑरेगनमधे भर पावसात, रविवारी, याच्या गाडीचा टायर फुटला. वजन डोईजड झालेलं. एका पंपवाल्यानं कुठूनकुठून भक्कम टायर मिळवून दिले म्हणून निभावलं. माचा कितीही सुबक झाला तरी शेवटी तो चार टायरांवर उभा असतो.

असो. जवळपास १०,००० मैलांचा हा प्रवास. मेन, शिकागो, सिएटल, स्वतःचं गाव सालिनास, टेक्सस, आणि शेवटाकडे न्यू ऑर्लिन्स. तिथे नोव्हेंबर १९६० पासून रूबी ब्रिजेस नावाची सहा वर्षांची काळी मुलगी गोऱ्यांच्या शाळेत जाऊ लागली होती, आणि रोज सकाळी गोऱ्या बायका शाळेबाहेर जमून त्या पोरीला अर्वाच्य शिव्या देत होत्या. स्टाइनबेकनं ते पाहिलं आणि लिहिलं. त्यानंतर त्याचा प्रवासातला जीवच गेल्यासारखा वाटतो. पुढची पानं भराभर संपतात, त्याला फक्त घरी पोचायचं असतं. 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' १९६२ साली आलं, त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं.

आता गोम. २०१० साली बिल स्टायगरवाल्ड नावाच्या पत्रकारानं पन्नास वर्षांनी तोच रस्ता धरला आणि पत्रं, हस्तलिखित, तारखा पडताळल्या. पुस्तक वाचून वाटतं की हा माणूस रात्रीमागून रात्री एकटा कुत्र्याबरोबर गाडीत झोपला. स्टायगरवाल्डच्या हिशेबानं गाडीतल्या रात्री बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी मोटेलं, चांगली हॉटेलं, मित्रांची घरं. पत्नी एलेन बरेच दिवस बरोबर होती. नॉर्थ डकोटात अ‍ॅलिस गावाजवळ नदीकाठी मुक्काम पडला आणि तिथे एक भटका नट भेटला, असं पुस्तकात आहे. पण बायकोला लिहिलेल्या पत्रावरून त्या सुमारास तो राज्याच्या पार पश्चिम टोकाला, बीच नावाच्या गावी मोटेलात होता. २०१२ च्या आवृत्तीत प्रस्तावनेतच वाचकाला सांगावं लागलं की हे शब्दशः खरं धरू नका.

हे कळलं तेव्हा मला राग आला होता. खोटंच बोलायचं तर एवढा पलंग कशाला बनवून घेतलास बाबा? पण आता विचार करताना वाटतं, ५८ वर्षांचा, नुकताच आजारातून उठलेला माणूस ऑक्टोबरच्या थंडीत मोटेलात गरम पाण्यानं आंघोळ करून झोपला, यात गुन्हा काही नाही. गुन्हा एवढाच की त्यानं ते लिहिलं नाही. आणि का लिहिलं नाही हे कळतं, कारण सगळी खटपट आपण म्हातारे नाही हे दाखवण्यासाठीच तर होती. तरीही नदीकाठचा तो नट मला अजून खुपतो. तो मनापासून आवडला होता.

दुसरी गाडी 'ग्रेप्स ऑफ रॉथ'मधली (१९३९). ओक्लाहोमात जमीन गेलेलं जोड कुटुंब जुनी हडसन सुपर सिक्स घेतं, तिचं टप कापून मागे ट्रकचा हौदा बसवतं. तेरा माणसं, रात्रीतून मारून खारवलेली दोन डुकरं, गाद्या, वर ताडपत्री. याच गाडीत गादीवर आजी रात्री वाळवंट ओलांडताना मरते. तपासणीवाल्यांनी गाडी अडवून ठेवू नये म्हणून आई रात्रभर प्रेताशेजारी पडून राहते, कुणाला कळू देत नाही. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून निघालेले ऊसतोड कामगारांचे ट्रक ज्यांनी पाहिलेत, भांडी, बोचकी, शेळ्या, कोंबड्या आणि त्या सगळ्यावर बसलेली पोरं, त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. यांनाही जमिनीपासून वरच झोपायला मिळतं, पण हौस म्हणून नाही.

आणि आता तिसरी, म्हणजे खरं तर पहिली. १९३६ साली 'सॅन फ्रान्सिस्को न्यूज'नं स्टाइनबेकला स्थलांतरित मजुरांवर लेखमाला लिहायला सांगितली. त्यासाठी त्यानं बेकरीवाल्याची जुनी गाडी घेतली. पाव पोचवायची असते ना, तसली. आत पांघरुणं, शिधा, स्वयंपाकाचं सामान. चकचकीत गाडीतून उतरलेल्या माणसाशी छावणीतलं कुणी बोललं नसतं. आर्व्हिनच्या सरकारी छावणीचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स त्याला तिथेच भेटला. छावणीतल्या माणसांच्या त्यानं लिहून ठेवलेल्या नोंदी पुढे कादंबरीच्या कामी आल्या. 'ग्रेप्स'च्या अर्पणपत्रिकेतला टॉम तो हाच. ऑक्टोबरात सात लेख छापून आले. या गाडीला त्यानं घोड्याचं नाव दिलं नाही, तिच्यावर पुस्तकही लिहिलं नाही.

रोसिनान्ते आज सालिनासच्या स्टाइनबेक केंद्रात ठेवलेली आहे. पावाच्या गाडीचं पुढे काय झालं कोण जाणे. भाच्याच्या घरापासून सालिनास दोन तासांवर. त्याला म्हटलंय, माच्याला शेवटचा खिळा ठोकण्याआधी एकदा जाऊन पलंग बघून ये, लांबूनच अंदाजानं मोज. फोटो पाठवले तर इथे टाकीनच.