आईच्या आठवणीतला पुरावा : सिडनी, १९४१

१/
१९४१ साल. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. सिडनीतील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे एकामागून एक तान्ही बाळे येऊ लागली. सर्वांच्या डोळ्यांत जन्मतःच मोतीबिंदू. अनेकांचे हृदयही सदोष.

२/
जन्मजात व्यंग बहुधा आनुवंशिक, हीच तेव्हाची रूढ वैद्यकीय धारणा होती. परंतु एकमेकांशी नाते नसलेल्या इतक्या कुटुंबांत एकाच सुमारास एकच दोष कसा उद्भवावा?

३/
ग्रेग यांनी मातांकडे गरोदरपणाची चौकशी केली. उत्तरे जुळत गेली : पहिल्या एक-दोन महिन्यांत अंगावर पुरळ आणि किरकोळ ताप. १९४० मध्ये ऑस्ट्रेलियात रुबेलाची, म्हणजे जर्मन गोवराची, मोठी साथ येऊन गेली होती.

४/
त्यांनी सहकाऱ्यांकडूनही नोंदी मागवल्या. एकूण बालके ७८. त्यांपैकी ६८ मातांना गरोदरपणी रुबेला झालेला. १५ ऑक्टोबर १९४१ रोजी मेलबर्न येथे त्यांनी हा निष्कर्ष मांडला.

५/
१९४४ मध्ये ‘लॅन्सेट’ने मात्र तो सिद्ध मानण्यास नकार दिला. शंका अगदीच निराधार नव्हती. आधी व्यंग असलेली बाळे निवडून मग मातांना प्रश्न विचारले होते. रुबेला होऊनही निरोगी बाळे किती जन्मली, हे त्यातून कळत नव्हते. विषाणू तर कोणी वेगळा केलाच नव्हता.

६/
भक्कम दुजोरा मिळाला तो जुन्या दप्तरातून. संख्याशास्त्रज्ञ ऑलिव्हर लँकेस्टर यांनी १९५१ मध्ये जनगणनेतील बहिऱ्यांच्या नोंदी तपासल्या. १९११ च्या जनगणनेत १० ते १४ वर्षे वयोगटात त्यांची संख्या ठळकपणे वाढलेली होती. ही मुले जन्मली, त्याच सुमारास तेथे रुबेलाची साथ होती. गर्भातल्या आघाताची खूण खानेसुमारीत उमटली होती. ती वाचणारा चाळीस वर्षांनी भेटला.

७/
१९६२ मध्ये विषाणू प्रयोगशाळेत वेगळा करण्यात आला. १९६४-६५ च्या साथीत अमेरिकेत सुमारे २०,००० बालके जन्मजात रुबेलाची बाधा घेऊन जन्मली. १९६९ मध्ये लस आली. ग्रेग १९६६ मध्येच निवर्तले होते.

८/
महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ पासून शाळाशाळांतून गोवर-रुबेला लसीकरण मोहीम झाली. मुलींबरोबर मुलांनाही ती सुई टोचली गेली. त्यांच्यासाठी हा आजार बहुधा किरकोळच. पण त्यांच्यामार्फत तो एखाद्या गरोदर स्त्रीपर्यंत आणि तिच्या गर्भापर्यंत पोहोचू शकतो. सिडनीतील त्या मातांच्या उत्तरांनी जगाला हेच शिकवले.