साडेचारशे सीसी म्हणजे छोटी बाइक?

मंडळी, नवी हिमालयन ४५० घेऊन दोन आठवडे झाले. जो तो विचारतो, "अजून मोठी का नाही घेतलीस?" उत्तर इतिहासात आहे.

२६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून पहिली डाकार रॅली निघाली, सहारा ओलांडून सेनेगलला. बाइकवाल्यांत जिंकला सिरिल नेव्हू, यामाहा एक्सटी ५०० वर. एकच सिलिंडर, ४९९ सीसी! मग १९८० मध्ये बीएमडब्ल्यूची आर ८० जी/एस आली, जवळपास ८०० सीसीची. तिने १९८१ ची रॅली मारली आणि पुढे इंजिनं मोठी होत गेली. वेग वाढला, तसा धोकाही. शेवटी २०११ पासून डाकारमध्येच ४५० सीसीची मर्यादा आली. म्हणजे फिरून पुन्हा मधल्या साइजवर!

माझ्या बाइकचं पुढचं चाक २१ इंची आहे, त्या आर ८० सारखंच. खड्डे खरंच कमी जाणवतात. वजन मात्र १९६ किलो. पार्किंगमध्ये जुनी गादी टाकून मुद्दाम आडवी केली आणि एकट्याने उचलून बघितली. घाम निघाला, पण उठली. अडीचशे किलोची नसती उठली. आडरस्त्याला मदतीला कोण येणार? मला हाच हिशोब महत्त्वाचा वाटतो.