कर्म आणि कर्ता : बारामती-इंदापूर परिसर आणि विवाहवयाचा प्रश्न

मराठीत विवाहासंबंधी जी क्रियापदे रूढ आहेत, त्यांच्याकडे इतिहासाभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. ‘बापाने मुलगी दिली’, ‘मुलगी उजवली’, ‘तिचे लग्न लावून दिले’ या वाक्यांत मुलगी हे कर्म होय किंवा कर्माची नुसती धनीण होय. ‘बापाने मुलगी दिली’ या कर्मणी प्रयोगात तर क्रियापदाचे लिंगवचन मुलीप्रमाणे चालते, परंतु क्रिया बापाची असते. याउलट ‘तिने लग्न केले’ असे म्हटले की, ग्रामीण वापरात बहुधा घरच्यांना न विचारता केलेले लग्न ध्वनित होते. स्त्रीच्या शरीरावर व विवाहावर अधिकार कोणाचा, या गेल्या दीडशे वर्षांतील वादाचे मर्म या व्याकरणात सापडते. वाद पुढे गेला तो केवळ वयाचे आकडे बदलल्यामुळे नव्हे. ज्यांच्याविषयी बोलले जात होते ती तरुण माणसे स्वतः बोलू लागली, त्यामुळे.

प्रथम आकडे पाहावेत. १८६० च्या दंडसंहितेने संमतिवय दहा ठरविले, १८९१ च्या कायद्याने ते बारा केले. १९२९ च्या शारदा कायद्याने विवाहाचे किमान वय मुलीसाठी चौदा व मुलासाठी अठरा ठरविले. १९७८ च्या दुरुस्तीने ते अनुक्रमे अठरा व एकवीस झाले. संमतिवयाच्या वादात मलबारी, रानडे, तेलंग एका बाजूस व टिळक दुसऱ्या बाजूस होते. दोन्ही पक्ष प्रौढ पुरुषांचे. तथापि या वादाच्या आधीच एका तरुणीने आपली बाजू स्वतः मांडली होती. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंवर त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये नांदण्यासाठी दावा लावला. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त टोपणनावाने पत्रे लिहिताना त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. १८८७ मध्ये ‘नांदावयास जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा’ असा निकाल लागला, तेव्हा त्यांनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्ये तडजोड झाली व पुढे त्या डॉक्टर झाल्या.

विसाव्या शतकात हा प्रश्न विवाहवयापुरता उरला नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले आणि १९२७ पासून १९५३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, त्यात डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. त्या उत्तरांइतकेच मूळ प्रश्नही महत्त्वाचे होत. नाव न सांगता का होईना, सामान्य वाचक तेथे आपल्या शरीराविषयी बोलू लागला होता. १९३८ च्या नोव्हेंबरात पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. तो नामंजूर झाला.

त्याच १९३८ साली बारामती तालुक्यातील काटेवाडीच्या शारदाबाई पवार पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या. १९११ मध्ये जन्मलेल्या व पुण्याच्या सेवासदनात शिकलेल्या या तरुणीचे वय तेव्हा सव्वीस-सत्तावीस होते. १९४० च्या डिसेंबरात तीन दिवसांचे मूल घेऊन त्या बोर्डाच्या सभेस गेल्या, अशी हकीकत त्या मुलाने, म्हणजे शरद पवार यांनी, सांगितली आहे. अकरा अपत्यांच्या या मातेने बाळंतपण आणि सार्वजनिक काम यांपैकी एकाची निवड करण्याचे नाकारले. परंतु मूल केव्हा व किती, हा प्रश्न तेव्हा बोर्डाच्या कक्षेबाहेरचाच होता.

स्वातंत्र्यानंतर तो प्रश्न शासनाच्या कक्षेत आला. मात्र १९५२ पासूनच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमात नियोजनाचा कर्ता कुटुंब नसून बहुतांशी शासनच राहिले. १९७६ मधील सक्तीच्या नसबंदीने त्याचे टोक गाठले. १९९४ च्या जूनमध्ये शरद पवार मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने महिला धोरण जाहीर केले; त्याच वर्षी सप्टेंबरात कैरो येथील लोकसंख्या परिषदेत लोकसंख्येच्या आकड्यांऐवजी प्रजननविषयक हक्कांची भाषा मान्य झाली. हा बदल पुढे कायद्याच्या वाक्यरचनेतही उतरला. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यात गर्भनिरोधक साधन निष्फळ ठरल्याचे कारण केवळ ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरते होते. २०२१ च्या दुरुस्तीने तेथे ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने तर बालपणी लग्न झालेल्या व्यक्तीलाच ते रद्द करून मागण्याचा अधिकार दिला. सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत तो वापरता येतो. ‘दिलेली’ मुलगी येथे प्रथमच त्या वाक्याची कर्ती झाली.

पण कायद्यातील कर्तेपण शेतापर्यंत आपोआप पोहोचत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने बारामती-इंदापूर हा उसाचा पट्टा झाला. माळेगाव आणि भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. पश्चिम महाराष्ट्रातील ऊसतोडीसाठी बीडसारख्या जिल्ह्यांतून मजूर येतात आणि त्यांची मोजणी ‘कोयत्या’ने होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; उचल मिळते ती जोडीला. जेथे मजुरीचे एककच जोडपे आहे, तेथे मुलामुलीचे लग्न लवकर उरकण्याकडे ओढा असतो. कामाचा ‘खाडा’ पडला की दंड बसतो, म्हणून पाळीचे दिवससुद्धा परवडत नाहीत. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी मांडली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. विवाहवय, मजुरी आणि आरोग्य हे तीन प्रश्न नसून एकच प्रश्न आहे, हे या आकड्यांवरून ध्यानी यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले होते.

या स्थितीत तरुणांनी तरुणांशी बोलण्याला विशेष महत्त्व येते. शेजारच्या पुरंदर तालुक्यात महिला सर्वांगीण उत्कर्ष मंडळाने १९८७ पासून ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्याचे काम उभे केले. २००७ मध्ये मात्र महाराष्ट्रात शालेय लैंगिक शिक्षणाला राजकीय विरोध होऊन ते रोखले गेले. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने १० ते १९ या वयोगटासाठी समवयस्क शिक्षकांची योजना आणली. राज्यातील किशोरवयीनांच्या सल्लाकेंद्रांना ‘मैत्री’ हे नाव मिळाले. ‘कावळा शिवला’, ‘बाजूला बसली’ अशा आडवळणाच्या प्रयोगांऐवजी मुलगी सरळ ‘मला पाळी आली’ असे म्हणते, तेव्हा ती केवळ शब्द बदलत नाही. विटाळाची कल्पनाच बाजूला सारते. अर्थात कायद्याचा पेच येथेही आहेच. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीशी झालेल्या लैंगिक गुन्ह्याची खबर देणे सक्तीचे केले. त्या भीतीने अल्पवयीन मुली डॉक्टरकडे जाण्याचे टाळतात. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अशा गर्भपाताच्या प्रसंगी मुलीच्या विनंतीवरून डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असा निर्वाळा दिला.

सारांश, रखमाबाईंनी एकटीने जे केले, ते आज कायद्याने सर्वांना खुले आहे. पण त्यासाठी सतराव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीला दोन गोष्टी ठाऊक हव्यात : विसावे वर्ष संपेपर्यंत तिला दाद मागता येते, आणि दाद मागणारी ती स्वतःच आहे. पहिली गोष्ट कायद्याच्या पुस्तकात आहे. दुसरी तिला तिच्याच वयाच्या, तिच्याच बोलीत बोलणाऱ्या सोबत्यांकडून समजण्याची शक्यता अधिक. म्हणून या दोन तालुक्यांतील सुधारणेचे मोजमाप करावयाचे तर विवाहवयाच्या सरासरीबरोबरच ‘तिने लग्न केले’ किंवा ‘तिने लग्नाला नकार दिला’ ही वाक्ये गावात कोणत्या स्वरात उच्चारली जातात, याचीही नोंद व्हावयास हवी.