अपुऱ्या खेळाचें गणित

अजून किती धावा हव्यात आणि चेंडू किती उरले, याचा हिशेब क्रिकेटच्या मैदानाभोंवतीं बसून तोंडच्या तोंडीं करणारा मुलगा वर्गांत प्रमाणभागाचें उदाहरण पुढें येतांच कां गोंधळतो, हा प्रश्न पुष्कळ घरांतून आईबापांना पडत असतो. बुद्धि तीच, आंकडेहि तेच. मग एके ठिकाणीं उत्साह आणि दुसऱ्या ठिकाणीं जांभई, असें कां व्हावें? याचें कारण फारसें गूढ नाहीं. मैदानावरच्या प्रश्नाचें उत्तर त्या मुलाला स्वतःला हवें असतें. पुस्तकांतल्या प्रश्नाचें उत्तर केवळ गुरुजींना हवें असतें. हें ओळखून गणिताच्या धड्यांत खेळ आणण्याचा प्रयत्न कांहीं अलीकडचा नाहीं. त्याचा इतिहास दोन हजार वर्षांहून जुना आहे. आणि त्या इतिहासांत पाठ्यपुस्तकांतल्या एका चेंडूच्या खेळानें गणिताची एक नवी शाखाच जन्मास घातली आहे.

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो हा इ. स. पूर्वी ३४७ च्या सुमारास वारला. ‘कायदे’ या त्याच्या अखेरच्या संवादांत ईजिप्त देशांतील मुलांच्या शिक्षणाचा उल्लेख आहे. तेथें लहान मुलांना अंकगणित खेळतां खेळतां शिकवीत, असें त्यांतील अथेन्सकर वक्ता सांगतो. फळें किंवा फुलांच्या माळा कधीं थोड्या तर कधीं अधिक मुलांत सारख्या वाटावयाच्या. मुष्टियोद्धे आणि मल्ल यांच्या जोड्या लावावयाच्या, आणि कोणी लढावें व कोणी आपली पाळी येईपर्यंत बसून राहावें हें ठरवावयाचें. असे ते पाठ होते. कुस्तीचा फड ज्यानें पाहिला आहे त्याला यांतील मर्म सहज कळेल. पांच मल्ल असले कीं एक जोडीवांचून उरणारच. सम आणि विषम यांतील भेद मुलाला तेथें डोळ्यांनीं दिसतो. हरेल तो बाहेर, या नियमानें सोळा मल्लांतून एक विजयी निवडावयाचा तर किती कुस्त्या लागतील? पंधरा, कारण प्रत्येक कुस्तींत एकच जण बाद होतो, आणि बाद व्हावयाचे असतात पंधरा. असा विचार ज्याला एकदां सुचला, त्याला शंभर मल्लांचें उत्तर सांगण्यास पाटीची गरज उरत नाहीं.

प्लेटोनंतर अठराशें वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि इटलींत लुका पाचोली या नांवाचा एक गणिताचा शिक्षक होऊन गेला. हा फ्रान्सिस्कन पंथाचा साधु. तरुणपणीं त्यानें व्हेनिसच्या एका व्यापाऱ्याच्या मुलांना शिकविलें, आणि पुढें अनेक शहरांतून गणिताचें अध्यापन केलें. १४९४ मध्यें त्याचा मोठा ग्रंथ व्हेनिस येथें छापून निघाला, आणि तोहि विद्वानांच्या लॅटिन भाषेंत नव्हे, तर लोकांच्या इटालियन भाषेंत. जमाखर्चाच्या दुहेरी नोंदीची पद्धति या ग्रंथांत छापली गेली, म्हणून व्यापारी जग पाचोलीचें नांव घेतें. पण त्याच ग्रंथांत एक खेळाचें उदाहरण होतें, आणि त्याचा पसारा जमाखर्चाहून पुष्कळ दूरवर गेला.

दोन पक्ष चेंडू खेळत आहेत. प्रत्येक डावाला दहा गुण. जो प्रथम साठ गुण मिळवील त्यानें पैज जिंकली. कांहीं कारणानें खेळ मध्येंच थांबतो. त्या वेळीं एका पक्षाचे पन्नास गुण झालेले असतात, दुसऱ्याचे वीस. आतां पैजेची रक्कम कशी वाटावी? पाचोलीनें भागीदारीचा नियम लावला आणि पांचास दोन या प्रमाणांत वांटणी सांगितली. सोयीसाठीं पैज ११२ नाण्यांची मानली, तर पुढें असलेल्या पक्षाला ८० आणि मागें पडलेल्याला ३२ मिळतील.

हें उत्तर वरकरणीं न्यायाचें वाटतें. परंतु तें पुढील गणितज्ञांस पटेना. १५३९ मध्यें कार्दानो यानें मुद्दा काढला, कीं किती गुण झाले याकडे पाहण्यापेक्षां जिंकावयास किती उरले याकडे पाहावयास हवें. एकाला एकच डाव हवा आहे, दुसऱ्याला चार. त्याच्या रीतीनें वांटणी दहास एक अशी येते. १५५६ मध्यें तार्ताल्या यानें पाचोलीच्या नियमाचा दोष आणखी स्पष्ट केला. एका पक्षाचे दहा गुण आणि दुसऱ्याचे शून्य असतांना खेळ थांबला, तर या नियमानें पहिल्याला सगळी पैज द्यावी लागेल. हा कोणता न्याय? शेवटीं तोहि म्हणाला, कीं हा प्रश्न गणितापेक्षां न्यायनिवाड्याचाच अधिक आहे.

योगायोग असा, कीं तो प्रश्न पुढें खरोखरच एका न्यायाधीशाकडे गेला. १६५४ मध्यें शव्हालिए द मेरे या खेळाच्या शौकी सरदारानें तो पॅरिस येथें पास्कालपुढें ठेवला, आणि पास्कालनें त्यासंबंधीं फर्माशीं पत्रव्यवहार केला. फर्मा हा तूलूझच्या वरिष्ठ न्यायालयांत काम पाहात असे. गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद. त्याची रीति शाळेंतल्या मुलालाहि समजेल अशी आहे. दोन्ही पक्ष तुल्यबळ आहेत असें मानावें, आणि पाचोलीच्या उदाहरणांत आणखी चार डाव खेळले गेले अशी कल्पना करावी. चार डावांचे निकाल एकंदर सोळा प्रकारांनीं लागूं शकतात. मागें पडलेला पक्ष चारहि डाव जिंकेल तरच पैज त्याची. आणि असा प्रकार सोळांत एकच आहे. म्हणून वांटणी पंधरास एक. ११२ नाण्यांपैकीं १०५ पहिल्याचीं, ७ दुसऱ्याचीं. पाचोलीनें दिलेल्या ३२ नाण्यांशीं ताडून पाहिलें म्हणजे अंतर किती पडलें तें ध्यानांत येतें. एकशें साठ वर्षें रेंगाळलेला प्रश्न सुटला, आणि त्याबरोबर संभवशास्त्राचा पाया घातला गेला. विम्याचे हिशेब पुढें याच शास्त्रावर उभे राहिले.

दोन्ही पक्ष तुल्यबळ नसले तर काय करावें? या प्रश्नाकडे बाझेल येथील गणिताचा प्राध्यापक याकोब बेर्नुली वळला. आजच्या टेनिसचा पूर्वज असलेल्या एका खेळावर त्यानें मित्राला उद्देशून एक लांब पत्र लिहिलें. तें त्याच्या मृत्यूनंतर १७१३ मध्यें त्याच्या प्रसिद्ध ग्रंथाबरोबर छापलें गेलें. खेळाडूचें कौशल्य फाशाच्या बाजूंप्रमाणें आधीं मोजतां येत नाहीं. परंतु अनेक डाव पाहून, कोणी किती जिंकले याची नोंद ठेवून, त्याचा अंदाज बांधतां येतो, असें त्यानें त्यांत दाखविलें.

अपुऱ्या खेळाचा वाद यावरहि संपला नाहीं. २२ मार्च १९९२ रोजीं सिडनी येथें विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत दक्षिण आफ्रिकेला इंग्लंडविरुद्ध १३ चेंडूंत २२ धावा हव्या असतां पाऊस आला. खेळ पुन्हां सुरू झाला तेव्हां दोन षटकें कमी झालीं होतीं. आणि इंग्लंडच्या डावांतील सर्वांत कमी धावांचीं षटकें वगळण्याचा नियम असल्यामुळें लक्ष्य मात्र एकाच धावेनें उतरलें. एका चेंडूंत २१ धावा! नियमांतला दोष पाचोलीचाच होता: त्याची दृष्टि झालेल्या खेळावर होती, उरलेल्या खेळावर नव्हती. पुढें डकवर्थ आणि लुईस या इंग्लिश संख्याशास्त्रज्ञांनीं उरलेलीं षटकें व हातीं असलेले गडी यांचा एकत्र विचार करणारी रीति बसविली. १ जानेवारी १९९७ रोजीं हरारे येथील सामन्यांत ती प्रथम वापरली गेली, आणि स्टर्न यांनीं सुधारलेल्या रूपांत ती आजहि चालू आहे.

पुण्याच्या मैदानानेंहि एक अपुरा खेळ पाहिला आहे. डिसेंबर १९४८ मध्यें महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते; ब्रॅडमनच्या ४५२ धावांचा उच्चांक नऊ धावांवर होता. तोंच प्रतिपक्षानें सामना सोडून दिला. त्या नऊ धावा होण्याचा संभव किती होता, हें गणित सांगूं शकेल. परंतु न झालेली धाव कोणाच्या नांवावर मांडणें त्याला शक्य नाहीं. हा भेदहि विद्यार्थ्यानें शिकण्यासारखा आहे.

खेळानें गणित शिकवूं इच्छिणाऱ्या शिक्षकाला या इतिहासांत तयार धडा सांपडतो. त्यानें रीति आधीं सांगूं नये. पाचोलीचा थांबलेला खेळ फळ्यावर मांडावा आणि वांटणी मुलांनाच विचारावी. बहुतेक मुलें पांचास दोन म्हणतील, कोणी कार्दानोसारखा उरलेल्या गुणांकडे बोट दाखवील, कोणी सगळी पैज पुढच्याला देऊन टाकील. वाद पुरता रंगला म्हणजे प्रत्येकाच्या हातीं एक नाणें द्यावें. नाणें चार वेळां उडवावयाचें. चारहि वेळां कांटा पडला तरच मागचा पक्ष जिंकला. चाळीस मुलांनीं हा प्रयोग चार चार वेळां केला, तर एकशेंसाठ खेळांत मागच्या पक्षाचे विजय दहाच्या आसपास भरतील. मग सोळा प्रकारांची यादी लिहिण्यास मुलें आपण होऊन पाटी पुढें ओढतील. चुकलेल्या मुलाला त्या वेळीं एवढेंच सांगावें, कीं युरोपांतल्या नामांकित गणितज्ञाचें उत्तरहि त्याच्यासारखेंच चुकलें होतें, आणि तें सुधारावयास मोठ्या माणसांना एकशें साठ वर्षें लागलीं.