कोलेस्टेरॉल, सूक्ष्मदर्शक आणि तापाची पट्टी

कपाळावर ठेवताच रंग बदलणारी तापाची पट्टी तुम्ही पाहिली असेल. तिची गोष्ट कोलेस्टेरॉलपासून सुरू होते! १८८८ साली प्राग येथे फ्रीडरिश रायनित्सर यांनी कोलेस्टेरॉलपासून बनलेला एक पदार्थ तापवला. १४५.५ अंश सेल्सिअसला तो वितळून गढूळ झाला आणि १७८.५ अंशांना नितळ. ऑटो लेमान यांनी तो गढूळ द्रव ध्रुवित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. वाहणे द्रवासारखे, पण गुण स्फटिकाचे! हाच द्रवस्फटिक. यातील रेणूंची रचना पीळदार असते. तापमानाबरोबर पीळ बदलतो, म्हणून रंगही बदलतो.

मात्र पट्टी त्वचेचे तापमान दाखवते, शरीराच्या आतले नव्हे. तीन महिन्यांखालील बाळाचे अंग गरम लागल्यास तिच्यावर विसंबू नका. थर्मामीटर लावा; १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असल्यास लगेच डॉक्टरांना दाखवा.