दुसऱ्याचा श्वास

बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ या 1967 सालच्या गाण्याची सुरुवात बासरीच्या सुरांनी होते. पण त्या सुरांसाठी स्टुडिओत कोणी फुंकर घातली नव्हती. पॉल मॅकार्टनी मेलोट्रॉन नावाच्या वाद्याच्या पट्ट्या दाबत होता. हे वाद्य 1963 पासून बर्मिंगहॅमला बनत असे. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असे आणि त्यावर खऱ्या वादकाने वाजवलेला एकेक स्वर आधीच मुद्रित केलेला असे. पट्टी दाबली की फीत पुढे सरके, बासरी वाजे. साधारण आठ सेकंदांनी फीत संपे. मग पट्टी कितीही दाबून धरली तरी शांतता. फितीची टोके जोडून अखंड वेटोळे केले असते तर स्वर हवा तितका लांबवता आला असता. पण मग स्वराचा आरंभ, म्हणजे ओठांतून हवा सुटते तो क्षण, दर वेळी नेमका हाती लागला नसता. तो क्षण राखण्यासाठी लांबी सोडून दिली. माणसाचा दमही कधीतरी संपतोच, हे या यांत्रिक मर्यादेत नकळत राखले गेले ही गंमत.

अशा मुद्रित स्वराला पुढे ‘सॅम्पल’ हे नाव पडले. सिडनीच्या पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी 1979 साली फेअरलाइट हे संगणकी वाद्य आणले आणि फितीची जागा अंकांनी घेतली. 1984 च्या ‘इम्युलेटर 2’ या यंत्राबरोबर शाकुहाची या जपानी बासरीचे एक सॅम्पल मिळत असे. पीटर गॅब्रिएलच्या ‘स्लेजहॅमर’च्या आरंभी, 1986 साली, ते जगभर ऐकले गेले. त्यात फुंकरीचा खरखरीत आवाज इतका स्पष्ट आहे की वादक शेजारी उभा असावा. तो कोण, हे ऐकणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारले असेल?

यंत्रे बदलत गेली तरी एक गोष्ट मेलोट्रॉनपासून तशीच राहिली: स्वर काढायचा तो पट्टी दाबून. पियानोसाठी हे ठीक आहे. हातोडा तारेवर आपटला की वादकाचे त्या स्वरावरचे राज्य जवळजवळ संपते. तो किती जोरात दाबला एवढेच त्याच्या हाती होते. ट्रम्पेटचे उलट आहे. तिथे स्वर सुरू झाल्यावरच खरे काम सुरू होते. तो फुगवणे, दाबणे, ओठांनी किंचित वर चढवणे, सोडण्याआधी मऊ करणे, हे सगळे मधल्या काळात घडते. सॅम्पलमध्ये हा मधला काळ मुद्रणाच्या दिवशीच ठरून गेलेला असतो.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. हार्मोनियमला मींड येत नाही आणि तिचे स्वर ठरीव, म्हणून 1940 साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ती तीसेक वर्षे टिकली. मराठी रंगभूमी त्याच पेटीवर वाढली आणि गोविंदराव टेंब्यांसारखा वादक तिने दिला, तेव्हा बंदी घालणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण त्यांची तक्रार खोटी नव्हती. पेटीत हवा असते, तीही हाताने भरलेली. स्वराला आकार देणारा गळा किंवा ओठ तिथे नसतो.

फुंकणाऱ्यांनी मात्र या काळात दुसरीच वाट धरली होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये बिल बर्नार्डी यांनी 1970 च्या दशकाच्या पूर्वार्धात लिरिकॉन तयार केले. दिसायला ते सोप्रानो सॅक्सोफोनसारखे. तोंडात धरायच्या टोकाला रीड होती, पण ती थरथरत नसे. ओठांचा दाब तेवढा ती मोजत असे. फुंकरीचा जोर वेगळा मोजला जाई, आणि या मोजमापांवरून बाजूच्या सिंथेसायझरला विद्युत इशारे जात. भरताच्या वर्गीकरणात सुषिर म्हणजे पोकळ वाद्य. या नळीच्या पोकळीत मात्र काहीच घुमत नव्हते. वायर काढली तर ऐकू येईल ती फक्त फुंकर. वेन शॉर्टरने ते वेदर रिपोर्टच्या 1976 च्या ‘ब्लॅक मार्केट’मध्ये वाजवले. टॉम स्कॉटने वाजवलेले लिरिकॉन तर मायकेल जॅक्सनच्या ‘बिली जीन’मधून कोट्यवधी लोकांच्या कानांवर गेले आहे, बहुतेकांच्या नकळत.

त्याच दशकात नाइल स्टायनर हा युटातला माणूस स्वतःसाठी असेच काही घडवत होता. तो ट्रम्पेटवादक आणि इलेक्ट्रॉनिक्स जाणणारा. त्याने आधी ट्रम्पेटच्या तीन कळांचे इव्हीआय केले आणि मग सॅक्सोफोनच्या बोटांचे ईडब्ल्यूआय, म्हणजे ज्याला वादक आता नुसते ‘ईवी’ म्हणतात. ईवीच्या कळा दबत नाहीत. कातडीचा स्पर्शच पुरेसा असतो. सप्तक बदलायला डाव्या अंगठ्याखाली छोटी चाके असतात. सॅक्सोफोनवर बोटे कळांवर टेकवून ठेवायची सवय असलेला वादक पहिल्या दिवशी हैराण होतो, कारण इथे टेकलेले प्रत्येक बोट बोलते. जपानच्या अकाई कंपनीने 1987 साली ही दोन्ही वाद्ये बाजारात आणली. यामाहाचे डब्ल्यूएक्स 7 ही त्याच वर्षीचे. मायकेल ब्रेकरसारख्या सॅक्सोफोनवादकाने ईवी हाती घेतल्यावर ते खेळणे आहे असे म्हणणे अवघड झाले.

हा काळ वादकांसाठी सुखाचा नव्हता. 1982 साली ब्रिटनमधल्या म्युझिशियन्स युनियनच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझरवर बंदी घालावी असा ठराव केला होता. त्या ठरावाची नंतर पुष्कळ थट्टा झाली, पण त्यामागची भीती हास्यास्पद नव्हती. मेलोट्रॉनच्या फितीवर ज्याने बासरी वाजवली त्याला एका दिवसाचे काम मिळाले. ती फीत जिथे जिथे वाजली तिथे दुसऱ्या कोणाला मिळाले नाही. फुंकून चालवायचे यंत्र या भांडणात विचित्र जागी उभे राहते. ते सिंथेसायझरच्या बाजूचे आहे, पण त्याला वाजवायला ज्याने आयुष्यभर श्वास कमावला तोच माणूस लागतो. मॉरिस जार यांनी ‘विटनेस’ या 1985 च्या चित्रपटाचे संगीत इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर केले तेव्हा त्या ताफ्यात स्टायनर स्वतः होता.

आता या दोन वाटा एकत्र यायला हव्या होत्या: एकीकडे आवाज असलेला मेलेला श्वास, दुसरीकडे आवाज नसलेला जिवंत श्वास. त्यांना जोडणारी भाषा 1983 मध्ये तयार झाली. तिचे नाव मिडी. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये तिच्यामुळे एकमेकांशी बोलू लागली, हे तिचे मोठे उपकार. पण ती पट्टीवाल्यांनी पट्टीवाल्यांसाठी लिहिलेली भाषा होती. तिचे मूळ वाक्य असे: अमुक पट्टी, अमुक जोराने दाबली, आता सोडली. श्वासाला त्यात जागा आहे, पण ती जोडपत्रातल्यासारखी. 128 नियंत्रणांच्या यादीत क्रमांक 2 श्वासाचा, 7 आवाजाच्या पातळीचा आणि 11 अभिव्यक्तीचा. प्रत्येकाला 0 ते 127 एवढ्याच पायऱ्या.

म्हणून आजही कोणी ईवी विकत आणून संगणकावरच्या सॅम्पल केलेल्या ओबोला जोडतो तेव्हा पहिला अनुभव निराशेचा असतो. फुंकर मारली तरी ओबो एकाच पातळीवर ओरडत राहतो, किंवा वाजतच नाही. वाद्य क्रमांक 2 वर श्वास पाठवते आहे आणि सॉफ्टवेअर क्रमांक 11 कडे कान लावून बसले आहे. ही जोडणी बदलायला एक मिनिट लागते. पुढचे प्रश्न मात्र मिनिटांचे नाहीत.

पहिला प्रश्न जोराचा. सॉफ्टवेअरला स्वर सुरू होताक्षणी तो किती जोरात ‘दाबला’ हे हवे असते, कारण त्यावरून ते हळू वाजवलेले सॅम्पल निवडते की मोठ्याने वाजवलेले, हे ठरते. फुंकरीला आघात नसतो. ती चढत जाते. म्हणजे वाद्याने एक तर क्षणभर थांबून जोर मोजायचा, आणि तेवढा उशीर सोसायचा, किंवा जोराचा आकडा कायमचा एकच ठेवून पुढचे सगळे श्वासावर सोडायचे. जाणते वादक बहुधा दुसरा मार्ग धरतात. संगणकाचा स्वतःचा उशीर असतोच: सेकंदाला 44,100 नमुने आणि 256 नमुन्यांचा साठा धरला तर जवळपास 6 मिलिसेकंद. पट्टीवर तो जाणवत नाही. स्वतःच्या तोंडातली हवा आणि कानातला आवाज यांत तो पडला की संवेदनशील वादकाला खुपतो.

दुसरा प्रश्न खोल आहे. मोठ्याने वाजवलेल्या ट्रम्पेटचा आवाज नुसता कमी केला तर तो हळू वाजवलेला ट्रम्पेट होत नाही. तो दूरच्या खोलीतला कर्कश ट्रम्पेट होतो. हळू फुंकले की नादाचा रंगच बदलतो. म्हणून श्वास वाढेल तसे मऊ सॅम्पल विरत जाऊन तीव्र सॅम्पल उमटावे, अशी सोय केली गेली. पण ती दोन वेगवेगळी मुद्रणे. मध्यावर दोन्ही एकदम वाजतात आणि एका ट्रम्पेटऐवजी क्षणभर दोन ऐकू येतात. त्यांच्या लहरी एकमेकींना कापतात, आवाज पोकळ होतो. पट्टीवर हे सहज लपते. फुंकणारा सतत या मध्यातच वावरत असल्यामुळे त्याच्यापाशी लपत नाही.

2000 नंतर व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररीने एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याच्या क्रियाही मुद्रित केल्या. ते थोर काम आहे. पण नुसते मुद्रण वाढवून हा प्रश्न सुटणारा नव्हता. इटलीच्या जॉर्जिओ तोमासिनी यांनी सॅम्पल घेऊन त्यांतले स्वरांश एकमेकांशी जुळवले, म्हणजे मऊ आणि तीव्र यांच्यामध्ये शिवणच उरू नये. त्यांच्या सॅम्पल मॉडेलिंगचा ट्रम्पेट 2008 साली आला. त्यात साठवलेली कंपने जवळजवळ नाहीतच. स्वर हलवायचा तो वादकाने. पट्टीवाला तो सहज वाजवायला गेला तर निर्जीव वाटतो, आणि फुंकणाऱ्याला प्रथमच काहीतरी आपल्या तोंडाला उत्तर देते आहे असे वाटते. मुद्रित वादकाचे हावभाव इतके पुसले की नव्या वादकाला जागा झाली. यामाहाने 1994 च्या व्हीएल 1 मध्ये मुद्रण बाजूला ठेवून नळीतल्या हवेचे गणितच मांडले होते. माझ्या मते ती वाट अधिक प्रामाणिक होती. बाजाराने तिला फार थारा दिला नाही.

आपल्या संगीताच्या वाट्याला यातले उरलेसुरले आले. स्वर वर-खाली ओढण्याची मर्यादा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मुळात दोन अर्धस्वरांची असते. ती वाढवता येते आणि तिला 16,384 पायऱ्या आहेत, त्यामुळे मींड गुळगुळीत निघू शकते. पण बासरीवाला मींड काढतो ती छिद्रावरचे बोट हळूहळू उचलून. ईवीची कळ अर्धी उघडत नाही. वादकाला ती मींड अंगठ्याजवळच्या पट्टीवर किंवा दातांच्या दाबात हलवावी लागते, म्हणजे हात पुन्हा शिकवावा लागतो. बासरीचे असे सॅम्पलही असतात ज्यांत मींड घेतलेली, मुरकी घातलेली असते. ते ऐकायला गोड लागतात. त्यांतली मींड मात्र दुसऱ्याची असते, आणि रागात ती कुठून निघून कुठे पोचावी हे आधीच ठरलेले असते.

2020 मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती मंजूर झाली. तिच्यात 128 पायऱ्यांच्या जागी 32 बिटांचे बारीक माप आहे. पण स्वरसंग्रह अजून बहुतांशी जुन्याच मापाने बोलतात, आणि त्यामुळे वादक श्वासाची वक्ररेषा हातानेच वाकवत बसतात: तळाशी थोडी सपाट, मग चढ, वर पुन्हा आडवी. स्टायनरच्या वंशातल्या वाद्यांत कुठल्या दाबाला शून्य धरायचे आणि पूर्ण जोर कशाला म्हणायचे, यांची जुळवणी वेगळी ठेवलेली असते. एकाच्या छातीला बसलेली जुळवणी दुसऱ्याला बसत नाही. वाद्य हातोहात गेले की नवा वादक स्वर काढण्याआधी तिकडे वळतो, एकदा अगदी हळू फुंकून पाहतो, एकदा पूर्ण जोराने.