होडीतल्या घरातून टिपलेला पुरावा

पक्ष्याची नोंद करायची तर आधी तो बंदुकीने पाडायचा, असा एक काळ होता. इंग्लंडच्या एमा टर्नर यांनी मात्र कॅमेरा हाती घेतला. नॉरफोकच्या पाणथळीत होडीतल्या घरात राहून, आडोशाला दडून त्या फोटो काढत. बगळ्याच्या कुळातला बिटर्न तिथून नाहीसा झाला होता. १९११ साली त्यांनी त्याच्या पिल्लाचा फोटो काढला आणि तो परतल्याचा पुरावा मिळाला.

आज आम्हा गटातल्या बायकांकडे मोबाइल आहे. खिडकीच्या पडद्याआड तो टेकवतो, परसात पाण्याचं भांडं ठेवतो, ब्लूटूथच्या बटणाने लांबूनच फोटो घेतो. घरट्याजवळ जात नाही. फोटोची तारीख वहीत लिहितो. परसातली चिमणी टिकली की गेली, हे उद्या आमची वहीच सांगेल.